हार्वेस्टरच्या मागे दाणे मोजणारी लेक

नमस्कार भाऊ,

वाशीम जिल्ह्यातून आलेलं तुमचं दोन पानी पत्र वाचलं. साडेचार एकर कोरडवाहू, सोयाबीन आणि त्यावर हरभरा. लेक बारावी सायन्सला, गणित आणि जीवशास्त्र दोन्ही घेतलेले. या दिवाळीआधी मजूर मिळाले नाहीत म्हणून तुम्ही पहिल्यांदा सोयाबीनला हार्वेस्टर लावला. मशीन पुढे गेलं आणि ही मागे वावरात बसून पडलेले दाणे मोजू लागली. गावातले हसले. आता ती म्हणते, "मला शेतीत संशोधन करायचं." मेहुणे म्हणतात, बीएस्सी ॲग्री कर आणि बँकेच्या परीक्षा दे. तुम्हाला पडलेला प्रश्न असा, की यात भविष्य आहे का, आणि एका खासगी कॉलेजला पैसे द्यायला अर्धा एकर विकावं का, कारण गिऱ्हाईक तयार आहे.

पत्राच्या मागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीनं काही आकडे आहेत. तुम्ही त्याबद्दल एक शब्द लिहिलेला नाही. बहुतेक हाताला आला तो कागद घेतलात. मी मात्र पत्राइतकाच वेळ त्या आकड्यांवर घालवला.

तिनं बांबूच्या कामट्यांची एक मीटर बाय एक मीटरची चौकट केली आहे. ती चार जागी टाकून आतले दाणे मोजले: 70, 115, 90, 125. सरासरी 100. मग शंभर दाणे सोनाराकडे नेऊन तोलले, 12 ग्रॅम भरले. म्हणजे एका चौरस मीटरला 12 ग्रॅम. तिथे तिची आकडेमोड थांबली आहे, पुढची मी करतो. एकरात साधारण 4047 चौरस मीटर, म्हणजे एकरी 48 किलोच्या वर दाणा मातीत. तुमच्या साडेचार एकरांत दोन क्विंटलांहून जास्त. 2025-26 च्या हंगामाचा हमीभाव 5328 रुपये क्विंटल आहे, त्यावरून किती पैसे वावरात राहिले ते तुम्हीच मांडा.

भाऊ, काढणी यंत्रांची चाचणी घेणारे अभियंते हेच करतात. त्यांच्याकडे लोखंडी चौकट आणि बारीक तोलकाटा असतो, एवढाच फरक. बारावीच्या मुलीला हे कुणी शिकवलेलं नसताना तिनं सोनाराचा काटा गाठला. इतक्या वर्षांत मी "आवड आहे" म्हणणारी पुष्कळ मुलं पाहिली, पण आवडीचा असा लेखी पुरावा क्वचितच हातात पडतो. म्हणून सांगतो, तिला अडवू नका.

आता कोणता अभ्यासक्रम. संशोधन म्हटलं की आपल्याकडे सगळे बीएस्सी ॲग्रीच धरतात. तिच्यासाठी मी आधी बी.टेक. कृषी अभियांत्रिकी लिहीन. चार वर्षांचा अभ्यासक्रम आहे. अकोला, राहुरी, परभणी आणि दापोली या चारही कृषी विद्यापीठांची स्वतःची कृषी अभियांत्रिकी महाविद्यालयं आहेत, आणि तुम्हाला अकोला जवळ. याला सीईटीचा, म्हणजे राज्याच्या प्रवेश परीक्षेचा, गणिताचा गट लागतो. बीएस्सी ॲग्रीला जीवशास्त्राचा गटही चालतो. दोन्ही गटांची परीक्षा वेगळी होते, त्यामुळे फॉर्म भरताना दोन्ही गट भरा. एकच भरून नंतर हळहळलेले पालक माझ्याकडे दरवर्षी येतात.

बी.टेक. का म्हणतो ते सांगतो. हार्वेस्टर दाणा का सांडतो? थोडा दोष यंत्राचा: कटरची उंची, चालवण्याचा वेग, मळणीच्या ड्रमचे फेरे. बियाण्यासाठी ठेवायचं सोयाबीन काढताना मळणीचे फेरे मिनिटाला 400 च्या पुढे नेऊ नयेत असं सांगतात, कारण सोयाबीनचं टरफल पातळ असतं आणि दाण्याला न दिसणारी चीर पडली की तो उगवत नाही. तुमच्याकडचे हडंबेवाले, म्हणजे मळणी यंत्रवाले, हे किती पाळतात ते तुम्हाला माहीत आहे. पण थोडा दोष वाणाचाही असतो. शेंग खोडाच्या अगदी बुडाशी लागली तर कटर तिच्यावरून निघून जातो. कटर खाली घेतला तर माती आणि दगड आत येतात. म्हणून आता पीक पैदास करणारे शास्त्रज्ञ यंत्राच्या मापाचं झाड शोधतात. परभणीचं एमएयूएस 162 हे सोयाबीन आणि राहुरीचा फुले विक्रम हा हरभरा, दोन्हींची शिफारस करताना यंत्रानं काढणीला योग्य असं सांगितलं जातं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं एमएसीएस 1407 काढलं, त्याची शेंग जमिनीपासून 7 सेंटिमीटर वर लागते आणि ती सहज तडकत नाही. (ते आपल्यासाठी नाही, आसाम, पश्चिम बंगाल, झारखंड, छत्तीसगड आणि ईशान्येकडच्या राज्यांसाठी आहे. कुणी विकायला आणलं तर घेऊ नका.) सात सेंटिमीटर म्हणजे चार बोटं. तेवढ्या उंचीसाठी माणसं वर्षानुवर्षं झाडं निवडत बसतात. तुमच्या लेकीला असल्या कामात गोडी वाटेल असं मला तिच्या पेन्सिलीवरून दिसतं.

मेहुण्यांचं म्हणणंही टाकाऊ नाही. बँकांची कृषी क्षेत्र अधिकारी ही जागा कृषी अभियांत्रिकीवाल्यांनाही खुली असते, त्यामुळे बी.टेक. घेतलं म्हणून ती वाट बंद होत नाही. नाबार्डची अधिकारी परीक्षाही पुढे देता येते. पण बँकेकडे केवळ पक्की नोकरी म्हणून बघू नका. गावात कर्ज काढून घेतलेलं हार्वेस्टर दहा महिने लिंबाखाली उभं राहिलेलं तुम्ही पाहिलं असेल. सोयाबीनची काढणी तीन आठवड्यांत उरकते, हप्ता मात्र वर्षभर चालू असतो. ते मशीन सोयाबीननंतर हरभऱ्यावर, गव्हावर किती तास चालेल, एकराला किती डिझेल खाईल, सुटा भाग किती लांबून आणावा लागेल, हा हिशेब कर्ज देणाऱ्यालाच येत नसेल तर घेणाऱ्याचं वावर गहाण पडतं. यंत्र जाणणारा माणूस बँकेच्या त्या खुर्चीत बसलेला मला फार हवा आहे.

आणि तुमच्या घरातलं उदाहरण घ्या. पीक विम्याचे पैसे मिळणार की नाही हे बरंचसं पीक कापणी प्रयोगावर ठरतं. महसूल मंडळातल्या मोजक्या वावरांत साधारण 10 बाय 5 मीटरचा तुकडा आखतात, कापतात, मळतात आणि तोलतात. तो 50 चौरस मीटर, हेक्टर 10,000. म्हणजे तुकड्यातल्या 8 किलोंचे हेक्टरी 16 क्विंटल होतात, आणि दर तुकडा तोलताना अर्ध्या किलोची चूक झाली तर हेक्टरी एक क्विंटलाची चूक सगळ्या मंडळाच्या माथी बसते. उत्पादनाच्या ज्या आकड्याला तुम्ही झडती म्हणता तो एक आकडा बरोबर काढणं हे केवढं काम आहे बघा.

हे काम ज्यांनी शास्त्रावर आणलं त्यांत आपल्या सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे पां. वा. सुखात्मे होते, जन्म 1911. सांख्यिकी शिकलेला माणूस. चाळीसच्या दशकात त्यांनी दाखवून दिलं की तुकडा फार लहान घेतला तर उत्पादन खोटं वाढून दिसतं, कारण कडेवरचं झाड कापणारा हात नकळत आत ओढतो, आणि तुकडा जितका लहान तितकी कड जास्त. पुढे ते संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत सांख्यिकीचे प्रमुख झाले. हे मी मुद्दाम लिहितो, कारण तुमच्या लेकीच्या चौकटीत हीच चूक शिरू शकते.

पैशांचं थोडक्यात. अर्धा एकर विकू नका. तुम्ही ओबीसी, एसईबीसी किंवा ईडब्ल्यूएस गटात असाल आणि घरचं वार्षिक उत्पन्न 8 लाखांच्या आत असेल, तर जुलै 2024 च्या शासन निर्णयानुसार मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. इतर प्रवर्गांसाठी वेगळ्या योजना आहेत. अट एकच लक्षात ठेवा: प्रवेश कॅपमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीभूत फेरीतून हवा. तुम्हाला जे कॉलेज "जागा पक्की करतो" म्हणून आगाऊ मागतं आहे, तिथे व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश घेतला तर ही माफी हातची जाते. राहतो तो वसतिगृहाचा आणि मेसचा खर्च. त्यासाठी अल्पभूधारकांच्या मुलांना डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, जातीचं प्रमाणपत्र आत्ताच काढून ठेवा, जूनमध्ये तहसिलीत पाय ठेवायला जागा नसते.

एक गोष्ट लपवत नाही. संशोधनाला वेळ लागतो. बी.टेक.ची चार वर्षं, एम.टेक.ची दोन, त्यापुढे पीएच.डी. विद्यापीठांतली भरतीही वेळेवर निघत नाही. म्हणून चार वर्षांनंतर थांबायची वेळ आली तरी तिला पोट भरता येईल अशी पदवी मी सुचवली आहे.

पुढचं तुमच्या लेकीसाठी, तिला वाचायला द्या.

बाळ, तुझी मोजणी चांगली आहे, पण हार्वेस्टर दाणा सगळीकडे सारखा सांडत नाही. कुटार, म्हणजे भुसा, मागे पट्ट्यात पडतं, त्या पट्ट्यात जास्त असतो. म्हणून चौकट चौरस नको, कटरच्या पूर्ण रुंदीएवढी लांब कर. जिथे दाणे दिसतात तिथेच टाकू नकोस, आधी पावलं ठरव आणि तेवढी पावलं चालून टाक. रेघेवरचा दाणा आत धरायचा की बाहेर, हे मोजायच्या आधी लिहून ठेव. आणि मशीन येण्याआधी उभ्या पिकात मोजायला विसरू नकोस. शेंगा तडकून आधीच पडलेला दाणा तू मशीनच्या नावावर टाकला आहेस. तो वजा केलास तर 100 चे कदाचित 70 होतील. हरभरा परीक्षेच्या दिवसांत निघेल, तेव्हा वावरात जाऊ नकोस, गणिताचं पुस्तक घे. पुढच्या सोयाबीनला मोज आणि मला आकडे पाठव.

भाऊ, त्या गिऱ्हाइकाला आजच नाही म्हणून कळवा. आणि पत्राचा कागद मी परत पाठवतो आहे, तो तिच्या वहीत लावा.