‘मिकी माउस क्लब’ या डिस्नेच्या अमेरिकन टीव्ही कार्यक्रमातली (१९५५-५९) मुलं शाळा कधी करायची आणि पैसे कुणाला मिळायचे?

शाळा बरबँकच्या डिस्ने स्टुडिओच्या आवारातच भरायची. कॅलिफोर्नियाच्या नियमाने दिवसाचे आठ तास असे वाटलेले: चार काम, तीन अभ्यास, एक जेवण-विश्रांती. अभ्यास सलग क्वचितच. मिकीच्या कानांची काळी टोपी काढून गणिताला बसायचं, हाक आली की पुन्हा टोपी चढवून नाचायला. हे तुकडे जोडून तीन तास भरायचे. मुलांचं मन कुठेच धड लागत नसणार.

पैशांचं जास्त वाईट. बालकलाकारांची कमाई आई-वडिलांनी उडवू नये म्हणून केलेल्या १९३९च्या कूगन कायद्यात पळवाट होती: करार न्यायालयात मंजूर झाला तरच कमाईतला वाटा राखून ठेवायचा आदेश निघे. १५ टक्के सक्तीने बाजूला ठेवणं २००० पासूनचं. नोकरीही कच्चीच. एकूण ३९ मुलांपैकी सगळे हंगाम टिकली फक्त ९.