वाचकांच्या शंका : रब्बी ज्वारीचे पराग आणि पोचट कणसे

प्रश्न : गेल्या रब्बीत शेजारच्या रानात संकरित ज्वारी होती. कडबा उत्तम आला, पण कडाक्याच्या थंडीनंतर कणसे निम्मी पोचट राहिली. बांधाअलीकडची आमची मालदांडी मात्र नेहमीसारखी भरली. याला बोगस बियाणे म्हणायचे की थंडीचा परिणाम? (एक शेतकरी, मंगळवेढा तालुका)

उत्तर : रान न पाहता निकाल देणे योग्य होणार नाही, कारण मिज माशीच्या उपद्रवानेही कणसे पोचट राहतात. मात्र कडबा चांगला, थंडी कडक आणि मालदांडी सुरक्षित, या आपण सांगितलेल्या तीन गोष्टी एकत्र ठेवल्या की संशय परागांकडे जातो. तो का जातो हे समजण्यासाठी संकरित ज्वारीचे बियाणे कसे तयार होते, तेथून सुरुवात करावी लागेल.

ज्वारीच्या दाणा धरणाऱ्या प्रत्येक फुलात पुंकेसर आणि स्त्रीकेसर एकत्र असतात, त्यामुळे ही वनस्पती बहुतांशी स्वतःच्याच परागावर फळते. संकर करायचा तर मादी म्हणून निवडलेल्या वाणाचे परागकोष फूल उमलण्यापूर्वी काढावे लागतात. कापसाचे फूल मोठे असल्याने हे काम मजुरांच्या हातून होऊ शकते आणि १९७० साली गुजरातेतून आलेला एच-४ हा कापसाचा संकरित वाण त्याच रीतीने तयार झाला. ज्वारीच्या एका कणसात मात्र बारीक फुलांची संख्या हजारावर जाते. तेथे चिमटा घेऊन बसणे कोणालाच परवडणारे नाही. १९५४ साली अमेरिकेत स्टीफन्स आणि हॉलंड यांनी दाखवून दिले की मायलो गटातील ज्वारीचे पेशीद्रव्य आणि काफिर गटातील ज्वारीचे केंद्रक एका झाडात आणले, तर त्या झाडाचे पराग निकामी होतात, स्त्रीकेसर मात्र पूर्ण शाबूत राहतो. अशा नर-वंध्य झाडाला मादी करून आपल्याकडे १९६४ साली सीएसएच-१ ही पहिली संकरित ज्वारी प्रसारित झाली.

आता मुख्य मुद्दा. हे वंध्यत्व पेशीद्रव्यातील तंतुकणिकांच्या जनुकांतून येते, आणि तंतुकणिका संततीला आईकडूनच मिळतात. म्हणजे पिशवीतून आलेल्या प्रत्येक संकरित दाण्यात आईचे वंध्य पेशीद्रव्य असतेच. तरीही त्याच्या कणसात दाणे भरतात, कारण बापाच्या केंद्रकातून पुनर्स्थापक जनुक येते आणि ते आईकडच्या दोषावर पांघरूण घालते. मायलो पेशीद्रव्यावरील संकरित ज्वारीत हे पांघरूण थंडीत तोकडे पडते. पीक पोटरीत असताना आणि फुलोऱ्यावर येताना रात्रीचे तापमान १० अंशांच्या खाली गेले, की परागांची सुपीकता घटते. खरिपात हा प्रश्न उद्भवत नाही; म्हणून संकरित वाणांनी खरीप ज्वारीचे चित्र पालटले, पण सोलापूरच्या काळ्या रानात जिरलेल्या ओलीवर येणारी रब्बी ज्वारी बव्हंशी मालदांडीच राहिली. भाकरीची चव, कडब्याची प्रत आणि खोडमाशीला तोंड देण्याची ताकद ही कारणे आहेतच, पण परागांचे कारण गावात क्वचितच बोलले जाते.

यात एक गंमत आहे. आपल्याच जिल्ह्यात मोहोळच्या संशोधन केंद्रावर निवडलेल्या मालदांडी ३५-१ चे पेशीद्रव्य स्वतःच नर-वंध्यत्वाचे एक उगमस्थान आहे आणि शास्त्रज्ञ त्याची गणना ए-४ या गटात करतात. काही परक्या वाणांचे केंद्रक त्यात आणले, की परागकोष टपोरे दिसतात पण फुटत नाहीत. मायलोच्या वंध्य झाडाचे परागकोष याउलट बारीक आणि सुकट असतात. मालदांडी मात्र स्वतःच्या रानात डौलाने भरते, कारण दोष आणि त्याचा उतारा दोन्ही तिच्याच घरात आहेत.

पुन्हा असा प्रसंग आला तर कणीस निसवल्यावर, फुले उमलण्यापूर्वी, आठ-दहा कणसांवर कागदी पिशव्या बांधाव्यात. पिशवीतील कणीस रिकामे राहिले आणि बाहेरचे निम्मे भरले, तर वाणाचे स्वतःचे पराग कमी पडले आणि दाणे शेजारच्या परागांवर धरले, असे समजावे. नेमके त्या रात्रींचे किमान तापमान लिहून ठेवावे. बियाणे विक्रेत्याशी बोलताना या दोन नोंदी रागापेक्षा अधिक उपयोगी पडतील. परागाविना उघडे राहिलेल्या फुलांवर अरगट हा बुरशीजन्य रोगही लवकर बसतो, तेव्हा तिकडेही लक्ष असावे.

प्रश्न : परागकण तयार होण्यावर नेमक्या कोणत्या जनुकांचे नियंत्रण असते? केवळ केंद्रकातील जनुक बिघडवून नर-वंध्य झाड मिळत असेल, तर पेशीद्रव्याचा खटाटोप कशासाठी? (कृषी शाखेची विद्यार्थिनी, सोलापूर)

उत्तर : परागकोषाच्या भिंतीत चार थर असतात आणि सर्वांत आतला टॅपेटम हा पोषक थर परागांची दाई म्हणावा असा आहे. तो अन्न पुरवतो, अर्धसूत्री विभाजनानंतर चिकटून राहिलेल्या चार पेशी सुट्या करणारे विकर सोडतो, परागाच्या कठीण कवचाचा माल देतो आणि शेवटी ठरल्या वेळी स्वतः मरतो. हे मरण लवकर आले तरी पराग बिघडतात आणि उशिरा आले तरी. अरॅबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातील छोट्या वनस्पतीत ही साखळी उत्तम अभ्यासली गेली आहे. एसपीएल हे जनुक परागांच्या मातृपेशींचा पाया घालते. ईएमएस-१ आणि टीपीडी-१ यांच्यातील संदेशामुळे टॅपेटम अस्तित्वात येतो, आणि यांपैकी एकही निकामी झाले तर टॅपेटमऐवजी मातृपेशींचीच गर्दी होते. त्यानंतर डीवायटी-१, टीडीएफ-१, एएमएस, एमवायबी-८० आणि एमएस-१ ही जनुके एकामागून एक कार्यरत होतात. भातातील टीडीआर हे जनुक एएमएसचे भावंड आहे. ते बंद पडले की टॅपेटम वेळेवर विरघळत नाही.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर तुरीने दिले आहे. केंद्रकातील वंध्यत्वाचे जनुक बहुधा अप्रभावी असते, त्यामुळे वंध्य झाडाचा वंश चालू ठेवायचा तर त्याला सुपीक झाडाचे पराग द्यावे लागतात आणि पुढच्या पिढीत निम्मी झाडे सुपीकच निघतात. १९९१ साली आलेल्या आयसीपीएच-८ या संकरित तुरीच्या बीजोत्पादनात ही निम्मी झाडे फुलोऱ्यात परागकोष पाहून उपटावी लागत. मजुरी वाढली आणि वाण मागे पडला. पुढे हैदराबादजवळच्या इक्रिसॅट संस्थेत कॅजानस कॅजॅनिफोलियस या तुरीच्या रानटी नातलगाच्या पेशीद्रव्यावर वंध्य वाण उभे राहिले आणि आयसीपीएच-२६७१ हा संकर त्यांतून आला. पेशीद्रव्याच्या पद्धतीत मादी वाणाची सगळीच झाडे वंध्य निघतात, हा तिचा मोठा फायदा.

अर्थात धोका तिच्यातही आहे. अमेरिकेतील मक्यात टेक्सास नावाचे नर-वंध्यत्व आणणारे पेशीद्रव्य इतके पसरले की १९७० पर्यंत सुमारे ८५ टक्के संकरित मका त्यावर आधारलेला होता. वंध्यत्व आणणाऱ्या टी-यूआरएफ-१३ या जनुकाचे प्रथिन तंतुकणिकेच्या पटलात बसते आणि करपा रोगाच्या एका बुरशीचे विष नेमके त्यालाच धरून पटलाला छिद्रे पाडते. त्या वर्षी तेथील मक्याचे सुमारे १५ टक्के उत्पादन गेले. पुनर्स्थापक जनुकांपैकी बरीचशी पीपीआर नावाच्या प्रथिनांची असतात. ती तंतुकणिकेतील दोषी आरएनए धरून निष्प्रभ करतात. ज्वारीचे आरएफ-१ त्याच घराण्यातले आहे.

प्रयोगशाळेत पाहायचे असेल तर ज्वारीचे पराग आयोडीनच्या द्रावणात टाका. स्टार्चने भरलेले सुपीक पराग गडद होतात, वंध्य पराग फिके राहतात.

प्रश्न : वांझ ज्वारीपासून केलेले बियाणे खाल्ल्याने माणसांत वंध्यत्व येते, असे आमच्या भिशीत सांगितले गेले. हे खरे आहे का? (एक गृहिणी, बार्शी)

उत्तर : नाही. हे वंध्यत्व त्या झाडाच्या परागकोषापुरते असते. त्याच झाडाचा स्त्रीकेसर निरोगी असतो, म्हणून तर त्यावर दाणा धरतो. आपण खातो तो दाणा सुपीक संकरित पिकाचा असतो, आणि त्यातील जनुके व प्रथिने इतर अन्नाप्रमाणेच पचून जातात. भाकरी निःशंकपणे करावी.

प्रश्न : संकरित कांद्यातही वंध्य वाण वापरतात असे ऐकले. मग कांद्याला थंडीची अडचण का येत नाही? (कांदा उत्पादक, मोहोळ)

उत्तर : कांद्यातील नर-वंध्य झाड १९२५ साली कॅलिफोर्नियातील डेव्हिस येथे इटालियन रेड जातीत सापडले. त्याला स्वतःचे बी धरेना, म्हणून फुलांच्या गोंड्यात आलेल्या छोट्या कंदिकांवर त्याचा वंश टिकवला गेला, आणि १९४३ साली जोन्स व क्लार्क यांनी त्याचे आनुवंशिक गणित मांडले. आपण बाजारात नेतो तो जमिनीतला कांदा. त्याला फुलाची किंवा परागाची गरज नाही, त्यामुळे बापाने पुनर्स्थापक जनुक दिले नाही तरी बिघडत नाही. ज्वारीत दाणा हेच पीक असल्याने तेथे ही सवलत मिळत नाही. संकरित कांद्याचे बी घरी धरण्याचा प्रयत्न मात्र करू नये, कारण बहुतेक गोंडे परागाविना राहतील आणि जे बी मिळेल त्यातून एकसारखा कांदा येणार नाही.