गावात निम्म्या, विधानसभेत एकवीस

प्रश्न : आमच्या गावच्या सरपंच महिला आहेत, जिल्हा परिषदेतही निम्म्या जागा महिलांच्या आहेत, मग विधानसभेत त्या इतक्या कमी का? 2023 च्या आरक्षण कायद्याने काही फरक पडेल का? (एक वाचक, सातारा जिल्हा)

उत्तर : 288 सदस्यांच्या विधानसभेत 2019 साली 24 महिला निवडून आल्या होत्या, 2024 मध्ये 21 आल्या. महाराष्ट्रातील स्थानिक स्वराज्य संस्थांत मात्र 2011 पासून निम्म्या जागा कायद्यानेच राखीव असल्यामुळे तेथे पक्षांच्या मर्जीचा प्रश्न उरत नाही.

तरीही जिल्हा परिषदेत तयार झालेल्या या महिला पुढे का जात नाहीत, हे कोडे राहतेच. माझ्या मते त्याचे एक मोठे कारण सोडतीत आहे. महिलांसाठी राखीव गट, म्हणजे जिल्हा परिषदेचे मतदारसंघ, दर निवडणुकीपूर्वीच्या सोडतीत चक्राकार पद्धतीने बदलतात. एखाद्या सदस्येने पाच वर्षे पाणीयोजना आणि शाळाखोल्यांसाठी खटपट करून गटात ओळख कमवावी आणि पुढच्या सोडतीत तोच गट खुला निघावा, की ‘आता आरक्षण उठले’ असे म्हणून उमेदवारी एखाद्या पुरुष कार्यकर्त्याला दिली जाते. खुली जागा म्हणजे पुरुषांची जागा असे कोणत्याही कायद्यात लिहिलेले नाही, पण गावोगाव समज तोच आहे.

विधानसभेचे तिकीट देताना पक्ष ज्याला ‘निवडून येण्याची क्षमता’ म्हणतात, ती आपल्या भागात बहुधा साखर कारखाना, जिल्हा बँक आणि दूध संघ यांतून उभी राहते, आणि सहकारी संस्थेच्या संचालक मंडळावर महिलांसाठी राखीव जागा असतात फक्त दोन. जेथे पैसा आणि माणसे जोडली जातात तेथेच महिलांना शिरकाव नसेल, तर ती क्षमता त्यांनी आणायची कोठून?

2023 च्या 106 व्या घटनादुरुस्तीने लोकसभा व विधानसभेत एक तृतीयांश जागा राखीव ठेवण्याची तरतूद केली. परंतु त्यातील मूळ अटीनुसार आधी जनगणना, मग मतदारसंघांची पुनर्रचना आणि त्यानंतरच आरक्षण, असा क्रम आहे. विधान परिषदेला तर ही तरतूद लागूच नाही. संख्या या कायद्याने निश्चित वाढेल. मात्र राखीव मतदारसंघ येथेही प्रत्येक पुनर्रचनेनंतर बदलणार असल्याने, आज जिल्हा परिषद सदस्येला भेडसावणारा प्रश्न उद्या महिला आमदारापुढेही उभा राहील.