अँटिलोप कॅन्यनला जाताय? आधी हे ठरवा

नागपूरहून अमेरिकेला जाताय आणि लास वेगासहून एका दिवसात ॲरिझोना राज्यातली अँटिलोप कॅन्यन ही अरुंद घळ उरकायचा बेत आहे, तर पहिलं लक्षात घ्या: घळीजवळच्या पेज गावापर्यंत एका बाजूचं अंतर सुमारे ४४० किलोमीटर, म्हणजे साडेचार तास. त्या रात्रीचं परतीचं विमान घेऊच नका.

जागा नावाहो या तिथल्या मूळ रहिवासी जमातीची आहे, त्यामुळे गाईडशिवाय प्रवेश नाही. घळीचे 'अप्पर' आणि 'लोअर' असे दोन भाग आहेत. आईबाबा सोबत असतील तर 'अप्पर' घ्या, तिथे घळीच्या आत चालणं सपाट वाळूवरून, परतीच्या वाटेवर मात्र थोडे जिने आहेत. 'लोअर'मध्ये उभ्या लोखंडी शिड्या आहेत. गुडघे दुखणाऱ्यांनी तिकडे वळूच नये. वरून पडणारे उन्हाचे झोत हवे असतील तर 'अप्पर'ची दुपारच्या आसपासची वेळ घ्या, तीही उन्हाळ्यातच. हिवाळ्यात सूर्य तेवढा वर येत नाही.

घड्याळात मात्र हमखास गोंधळ होतो. उन्हाळ्यात नावाहो भागाची वेळ ॲरिझोनाच्या एक तास पुढे असते, पण इथल्या टूर ॲरिझोनाच्या वेळेने चालतात. मोबाईल आपोआप वेळ बदलतो, म्हणून ते सेटिंग बंद ठेवा.

जुलै ते सप्टेंबर पावसाचे. डोक्यावर आभाळ निरभ्र असलं तरी दूरवर पडलेला पाऊस या अरुंद घळीत लोंढा होऊन येतो; ऑगस्ट १९९७ मध्ये 'लोअर'मध्ये ११ पर्यटक असेच गेले. गाईडने टूर रद्द केली तर वाद घालू नका.

आत बॅग आणि ट्रायपॉड चालत नाहीत. वरून वाळू गळते, तेव्हा लेन्स आत बदलू नका. आणि आपला उन्हाळ्यातला दुपट्टा न्या, नाकातोंडाला तोच बरा.