आर्जिनीन काढले, तरी टी पेशी वाढतात!

प्रश्न : आर्जिनीन हे अमिनो आम्ल नसलेल्या आरपीएमआय या पेशी वाढवण्याच्या माध्यमात टी पेशींना (प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या रक्तपेशी) अँटी-सीडी3 आणि अँटी-सीडी28 ही उद्दीपन करणारी प्रतिपिंडे देऊन चार दिवस वाढवले. विभाजन थांबायला हवे होते, पण सीएफएसई या विभाजन मोजण्याच्या रंगाच्या आलेखात ते स्पष्ट दिसते. 10 टक्के फीटल बोव्हाइन सीरम (गाईच्या गर्भाच्या रक्तातला द्रव) वापरले आहे. काय चुकले असेल?
– एमएस्सीची विद्यार्थिनी, कोल्हापूर

उत्तर : पहिला संशय सीरमवर. त्यात मुक्त अमिनो आम्ले असतात, आर्जिनीनही. आरपीएमआय 1640 मध्ये आर्जिनीन लिटरला 200 मिग्रॅ, म्हणजे 1.15 मिलिमोलर असते. माणसाच्या रक्तद्रवात ते साधारण याच्या दशांशच, आणि टी पेशी शरीरात तेवढ्यावर वाढतातच. त्यामुळे सीरममधून आलेले थोडे आर्जिनीनही निकाल बिघडवते. डायलिसिस केलेले, म्हणजे साधारण 10 किलोडाल्टनपेक्षा लहान रेणू काढून टाकलेले सीरम घ्या आणि तेच सगळ्या गटांत वापरा, नियंत्रण गटातसुद्धा. पेशी आर्जिनीनविरहित माध्यमात दोनदा धुऊन मगच उद्दीपन द्या.

माध्यम सिलॅकसाठीचे (जड समस्थानिकांची अमिनो आम्ले घालून प्रथिने मोजण्याची पद्धत) असेल तर त्यात बहुधा लायसीन हे अमिनो आम्लही नसते. ते लिटरला 40 मिग्रॅ (हायड्रोक्लोराइड) घालायचे राहिले, तर नियंत्रण गटही वाढणार नाही. ग्लुटामिन या अमिनो आम्लासाठीही बाटलीवरचे लेबल वाचा.

आर्जिनीन हायड्रोक्लोराइड 2.11 ग्रॅम 100 मिली पाण्यात विरघळवा, 0.22 मायक्रॉन फिल्टरमधून गाळा. हा 100 मिलिमोलरचा साठा झाला. त्यातून 0, 10, 50, 150 आणि 1150 मायक्रोमोलर असे गट करा. फक्त 0 आणि 1150 ठेवले, तर शरीरातल्या परिस्थितीबद्दल काहीच कळत नाही. कमी मात्रेच्या गटांत पेशी आर्जिनीन संपवून टाकतात, म्हणून पेशींची संख्या बेताची ठेवा आणि 48 तासांनी माध्यम बदला.

आता सर्वांत महत्त्वाचे नियंत्रण. आर्जिनीन नसलेल्या टी पेशी मरण्याआधी जी0-जी1 या विभाजनपूर्व अवस्थेत अडकतात, सीडी3 झीटा साखळी हा त्यांच्या संदेशग्राहीचा भागही घटतो. म्हणून 48 तासांनी प्लेटच्या काही वेल्समध्ये (खळग्यांत) आर्जिनीन परत घाला आणि 7-एएडी या मृत पेशी रंगवणाऱ्या रंगाने मृत पेशी वेगळ्या मोजा. विभाजन पुन्हा सुरू झाले, तर परिणाम आर्जिनीनचाच.

रक्त मात्र त्याच दिवशीचे घ्या. साठवलेल्या रक्तातले ग्रॅन्युलोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) पीबीएमसीच्या, म्हणजे टी पेशी असलेल्या पांढऱ्या पेशींच्या, थरात मिसळतात. त्यांच्यातला आर्जिनेज हा विकर बाहेर पडून आर्जिनीन फोडतो, आणि मग 150 चा गट प्रत्यक्षात 150 चा राहत नाही.