‘निदान तू वाचलीस’

प्रिय मुली,

तुझे पत्र तीन वेळा वाचले. २०२१च्या मे महिन्यात आठ दिवसांच्या अंतराने आई आणि वडील गेले. आता जो भेटतो तो ‘निदान तू वाचलीस, देवाचे आभार मान’ असे सांगतो, आणि ते आभार मनातून उमटत नाहीत म्हणून आपण कृतघ्न आहोत का, असे तू विचारतेस. नाही. आभार माणसाचे मानायचे असतात, नशिबाचे नव्हे.

३० सप्टेंबर १९९३ रोजी मी तेरा वर्षांचा होतो. किल्लारीजवळ आमचे गाव. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. विसर्जनाहून दमून परतलेली माणसे माळवदाच्या घरांत गाढ झोपलेली असताना, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांच्या भूकंपात दगडमातीच्या त्या जाड भिंती आणि उन्हाळ्यात घर गार ठेवते म्हणून आम्ही ज्याचे कौतुक करत असू ते मातीचे छत त्यांच्या अंगावर आले. मी मारुतीच्या पारावरच झोपून गेलो होतो. धाकटा भाऊही तिथेच थांबतो म्हणत होता. मी त्याला दटावून घरी धाडले. आई, वडील आणि तो. याहून अधिक लिहीत नाही.

पुढे लोक मलाही नशीबवान म्हणत. मला पारावर झोपवणारे नशीब आणि भावाला घरी पाठवणारे नशीब एकच असेल, तर त्याचे आभार मी कोणत्या तोंडाने मानू? नशिबाशी मी व्यवहारच तोडला. माणसांचे देणे मात्र ठेवले, आणि तेही नीट फेडले नाही. शेजारच्या गावच्या एका बाईने तिसऱ्या दिवशी माझ्या हातावर ज्वारीची भाकरी ठेवली होती आणि मी ती खाईपर्यंत ती समोरून हलली नव्हती. शिक्षणासाठी पुण्याला आलो, नोकरीला लागलो, आणि तिला भेटायला जाणे १९ वर्षे लांबवले. गेलो, तेव्हा तिच्या सुनेने भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोकडे बोट केले. रजा मिळत नव्हती आणि त्या रस्त्याने जाणे सोसत नव्हते, ही कारणे खोटी नव्हती. तू तरी ती खोटी समजू नकोस.

‘तुमच्याकडे ५२ गावे नव्याने वसवावी लागली, त्यापुढे माझे दुःख ते काय’ असे तू लिहिलेस, त्याचा मला राग आला. आमचे ढिगारे तुझ्या आईवडिलांना मोजण्याचे माप नव्हेत. आणि रोज रात्री वहीत ‘सूर्योदय, चहा, श्वास’ असे आभार लिहितेस, तेही थांबव. चहा कोणी करून दिला, त्याचे नाव लिही. माणसाचे, पोरी, माणसाचे!

तुझ्याच पत्रात, अगदी ओझरते, एक वाक्य आहे: वॉर्डातल्या एका परिचारिकेने स्वतःचा फोन आईच्या कानाशी धरला आणि तू दोन मिनिटे बोललीस. तिचे नाव तू लिहिलेले नाहीस. येत्या रविवारी त्या रुग्णालयात जा आणि विचार. तिची बदली झाली असेल, तर कुठे झाली ते विचार. काय बोलायचे याची तयारी करू नकोस, पेढेही नेऊ नकोस. आईचे नाव सांग, कदाचित तिला आठवेल. नाव कळले की मला लगेच कळव.

तुझा,
काका