‘चारात एक’ म्हणजे पुढची तीन सुखरूप?

घणसोलीचं जोडपं ट्रान्स-हार्बर लोकलने ठाण्याला, नौपाड्यातल्या माझ्या खोलीवर आनुवंशिक आजाराबद्दल सल्ला घ्यायला आलं. मुलगी साडेतीन वर्षांची, थॅलेसेमिया मेजर, म्हणजे आईवडिलांकडून येणारा रक्ताचा गंभीर आजार. दर तीन आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं. आईवडील दोघंही मायनर, म्हणजे वाहक: एक जनुक निरोगी, एक सदोष. त्यांना स्वतःला कसलाच त्रास नाही, म्हणून लग्नाआधी तपासणीही कुणाला सुचली नाही.

“मॅडम, चारात एक असं डॉक्टर म्हणाले. आमची एक झाली. आता दुसऱ्याला हरकत नाही ना?” हा प्रश्न माझ्याकडे सारखा येतो.

बायको मान खाली घालून बसली होती. सासूबाईंचं म्हणणं, आमच्यात असलं नाही, हे तिच्या माहेरचं.

मी दोघांपुढे एकेक वाटी ठेवली. प्रत्येकीत दोनच वाटाणे: पांढरा म्हणजे निरोगी जनुक, हिरवा म्हणजे सदोष. डोळे मिटून एकेक उचलायला सांगितलं. पहिल्याच खेपेला दोन्ही हिरवे, म्हणजे मेजर. तिने मूठ घट्ट मिटली.

“आता वाटीत परत टाका.”

“परत?”

“हो. प्रत्येक बाळाच्या वेळी वाटीत दोन्ही वाटाणे असतातच. मागच्या खेपेला काय निघालं, ते वाटीला ठाऊक नसतं.”

दुसऱ्यांदा एक पांढरा, एक हिरवा: वाहक. तिसऱ्यांदा पुन्हा दोन्ही हिरवे. तो गप्प झाला.

ब्रनोच्या मठात ग्रेगोर मेंडेलने वाटाण्यावरच हे ताडलं, १८६६ साली छापलं. २५३ झाडांचे ७,३२४ दाणे: ५,४७४ गोल, १,८५० सुरकुतलेले. जवळपास तीनास एक, म्हणजे चारात एक. पण एका झाडावर ४३ गोल नि २ सुरकुतलेले, दुसऱ्यावर १४ नि १५. हिशेब हजारोंत जुळतो. एका झाडाला, एका घराला तो बांधलेला नाही.

आणि दोन हिरवे जमायला एक त्याच्या वाटीतून यावाच लागतो. हे मी मुद्दाम दोनदा सांगितलं. तिने तेव्हा पहिल्यांदा वर पाहिलं.

दुसरं मूल हवं तर हवंच; त्यात चूक काही नाही. आधी दोघांच्या जनुकांतला नेमका दोष तपासून ठेवायचा, मग दिवस गेल्यावर अकराव्या-बाराव्या आठवड्यात वारेचा बारीक तुकडा तपासून बाळाचं कळतं. धाकट्या दिराचं लग्न ठरतंय, तोही वाहक आहे का हे कळायला त्याची हिमोग्लोबिनच्या प्रकारांची तपासणी मी याच आठवड्यात करायला लावली.

निघताना तो थांबला. “मॅडम, हे चार वाटाणे नेऊ? आईला दाखवतो.”